येताना जीभ घासू नये

वन्संच्या गालातला तुकडा काढून तपासायला पाठवला, त्यानंतरचे आठ दिवस मी एका जागी दहा मिनिटं बसले नाही. चहा गॅसवर ठेवायचा आणि विसरायचा. पेशंटला सुया लावायच्या, वीस मिनिटं सांगायची आणि बाराव्या मिनिटालाच काढायला जायचं. मोबाईल उचलायचा, ठेवायचा, परत उचलायचा. तुकड्यात कॅन्सर निघतो की नाही, एवढंच कळायचं होतं. पण त्याच्या आत आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणालाच सांगत नव्हते. तो डाग महिनाभर माझ्यासमोर, हातभर अंतरावर येऊन बसत होता आणि मी तो बघितला नव्हता.

वन्सं म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. आमच्या ह्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या, दिल्या बेलापूरला. ह्यांची आई लवकर गेली, त्यामुळे ह्यांना अंघोळ घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलेलं. मी लग्न होऊन देवळाली प्रवरात आले तेव्हा मला सासू नव्हती, वन्संच होत्या. त्या मला कधी टाकून बोलल्या नाहीत आणि मी त्यांना कधी उलटून बोलले नाही. दोघींनी मिळून हा नेम इतकी वर्षं पाळला. त्यात फार शहाणपणा होता असं आता म्हणवत नाही.

मी आधी शाळेत विज्ञान शिकवायचे. मान धरली, कशाने उतरेना, म्हणून पुण्याला एका बाईंकडे सुया लावून घेतल्या. मान सुटली आणि मी मात्र तिथेच अडकले. पुढची चार वर्षं शनिवार-रविवार पुण्याच्या एसटीत काढून अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि शाळा सोडली. पुढच्या बाजूला ह्यांचं ठिबकच्या सामानाचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत माझा दवाखाना. हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "तिचं न माझं काम एकच. कुठं तुंबलंय ते बघायचं न् टाचणी मारायची." लोक हसायचे. मला राग यायचा, पण खोटं नव्हतं ते. चिनी वैद्य हजारो वर्षं तेच सांगत आलेत. अंगातून एक प्रवाह फिरतो, तो अडला की दुखतं, वाहता केला की दुखायचं थांबतं.

पण मला टाचणीवाली म्हणवून घ्यायचं नव्हतं. मी गुडघा बघत नाही, माणूस बघते, असं मी सगळ्यांना ऐकवायचे. पेशंट आला की आधी फाईल पालथी ठेवायला लावायची. एक्स-रे नंतर. आधी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी, मग जीभ, मग प्रश्न. झोप कशी, घाम कुठे येतो, तहान गरम पाण्याची की गार पाण्याची, राग येतो की रडू येतं. जिभेचं टोक म्हणजे काळीज, कडा म्हणजे यकृत, मधोमध पोट, मागे मूत्रपिंडं. जिभेवरचा थर पांढरा, पिवळा, जाड की पातळ, त्यावरून आत काय चाललंय ते कळतं. म्हणून दारावर मी पाटीच लावलेली. 'येताना जीभ घासू नये.' पाटी वाचून बाया पदराआड हसायच्या.

एकदा एक शेतकरी शेतातलं बीट खात खात आला. जीभ बघून मी म्हटलं, "बीट खाऊन आलात. अर्ध्या तासाने या." त्याला इतकं नवल वाटलं की तो बाहेरच्या बाकावर बसून जो येईल त्याला ते सांगत राहिला. मी आतून ऐकत होते आणि फुगत होते. मीही मग मोठ्याने म्हटलं, "जिभेवर काही लपत नाही. मला फसवायचा प्रयत्नच करायचा नाही." त्या दिवशी बाहेरच्या बाकावर वन्संही बसल्या होत्या. पहिल्यांदाच माझ्याकडे पेशंट म्हणून आल्या होत्या.

दिवाळी नुकतीच झाली होती. साखर कारखाना सुरू झालेला, मळीचा वास खोलीपर्यंत येत होता. वन्सं वडापच्या जीपने एकट्या आल्या आणि स्टुलावर अशा बसल्या की आता उठून जातील. म्हणाल्या, "झोप लागंना बघ. डोळा लागला की छातीत धडधडतं. तळहात, तळपाय नुसते पेटल्यागत. तोंड कोरडं पडतं."

"तिखट सोसतं का?"

"तिखट तर लई झोंबतं हल्ली."

मी नाडी बघितली. बारीक आणि घाईची. म्हटलं, जीभ दाखवा. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि नैवेद्य दाखवावा तशी जीभ क्षणभर पुढे करून आत घेतली. ती जीभ लालबुंद होती आणि वर थर म्हणून नव्हता. धुतलेल्या ताटासारखी. माझं पुस्तक डोक्यात आपोआप उघडलं. अंगातला ओलावा आटलाय, म्हणून आतली आग वर चढतेय. झोप नाही, धडधड, हातापायाची आग, कोरडं तोंड, तिखट झोंबणं, लाल जीभ. एकूण एक गोष्ट बरोब्बर बसत होती. एवढं चोख जुळलेलं चित्र वर्षातून एखाद्या वेळेस दिसतं. खरं सांगते, मला आनंद झाला.

पदर खाली करा, असं मी म्हटलं नाही. मोठ्या नणंदेला तसं कसं म्हणणार. आणि एक प्रश्न मी प्रत्येक बाईला विचारते, मिश्री लावता का, तोही विचारला नाही. त्याला कारण होतं. वन्संचे सासरे तोंडाच्या कॅन्सरने गेले. शेवटी त्यांना पाणी गिळता येत नव्हतं आणि वन्संनीच त्यांचं सगळं केलं. ते गेल्यावर दहाव्याला वन्संनी सगळ्या भावकीसमोर आपली मिश्रीची डबी उकिरड्यावर फेकली होती. मीही तिथे होते. त्यानंतर त्यांना तो प्रश्न विचारणं म्हणजे चोरी पकडायला जाणं. मी तो गाळला आणि पुढे गेले.

सुया लावल्या. मनगटाच्या आतल्या बाजूला, घोट्याजवळ, भुवयांच्या मधोमध एक. वन्सं डोळे मिटून पडल्या होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "तुला दिसतं का गं सगळं, जिभेवरनं?"

"सगळं दिसतं, वन्सं."

"काळजीचं हाय का काही?"

"काळजीचं काही नाही. उष्णता वर चढलीय, ती खाली उतरवायची. बास."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि तिथेच झोपल्या. अगदी घोरायला लागल्या. मी पडदा ओढून घेतला आणि दुकानात जाऊन ह्यांना खुणेनं बोलावलं, बघा म्हटलं. दुसऱ्या दिवशी वन्संचा फोन आला की घरीही सलग झोप लागली. पुढच्या आठवड्यात धडधड थांबली. मी त्यांना तिखट बंद करायला लावलं होतं, दूधभात, काकडी, गुलकंद सांगितलं होतं, त्यामुळे झोंबायचंही थांबलं. चार आठवडे त्या येत राहिल्या आणि चारही वेळा जीभ तशीच धुतल्यासारखी लाल. थर अजून का येत नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी त्याचं उत्तर माझ्या परीने देऊन टाकलं, की ओलावा हळूहळू भरतो. येईल त्या पेशंटला मी वन्संची गोष्ट सांगत होते. नाव न सांगता, पण मीठमसाला लावून.

संक्रांतीच्या आधी आमच्या शेतात हुरडा होता. घरचीच माणसं. आगटीजवळ बसून ज्वारीची गरम कणसं चोळून तळहातावर घ्यायची, लसणाच्या चटणीबरोबर खायची. वन्सं चटणीला शिवत नव्हत्या, नुसत्या दह्याबरोबर खात होत्या आणि सगळं उजव्या बाजूने चावत होत्या. मला वाटलं, माझं पथ्य काय पाळतात. मग त्यांनी एकदम घास थांबवला, बोट तोंडात घातलं आणि मला म्हणाल्या, "अगं, कूस अडकलंय वाटतं आत. बघ गं जरा, मला घावंना."

त्या उन्हाकडे तोंड करून बसल्या आणि पदर बाजूला टाकून त्यांनी आ केला. इतक्या वर्षांत मी त्यांचं तोंड उघडं असं पहिल्यांदा बघितलं. डाव्या गालाच्या आत, दाढेजवळ ज्वारीचं कूस टोचून बसलं होतं. ते मी चिमटीत धरून काढलं. त्याच्या मागे पांढरा डाग होता. अंगठ्याच्या नखाएवढा, कडा वेड्यावाकड्या, वाळलेल्या चुन्यासारखा. मी बोट फिरवून बघितलं. पुसला जात नव्हता. आणि खालच्या हिरडीच्या बेचक्यात काळी रेघ होती. मिश्रीची.

"निघालं का?"

"निघालं," मी म्हटलं.

त्या पुन्हा हुरडा खायला लागल्या. मी उठून विहिरीपर्यंत गेले आणि परत आले. परत गेले. हातातलं ते कूस मी टाकलंही नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. लाल, धुतलेली जीभ. वन्संनी पाटी वाचली होती. वाचूनच, मिश्रीचा रंग दिसू नये म्हणून, दर वेळी येण्याआधी जीभ घासघासून लाल करून येत होत्या. मी ज्याला अंगातला आटलेला ओलावा म्हणत होते, ती नुसती घासणीची करामत होती. त्या घासलेल्या जिभेवर मी महिनाभर इलाज केला होता.

त्या दुपारीच मी ह्यांना सांगितलं. वन्संना एवढंच म्हटलं की गालात डाग आहे, दाखवून येऊ. त्यांनी कशाला, कसला, काही विचारलं नाही. "चल म्हणशील तवा येते," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नगरला तोंडाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आरसा घालून बघितलं, मिश्री किती वर्षं लावता विचारलं. वन्संनी खाली बघून सांगितलं, "मधी सोडली हुती." डॉक्टरांनी लहानसा तुकडा काढला आणि म्हणाले, रिपोर्टला आठ दिवस लागतील. त्याआधी काहीच सांगता येणार नाही.

ते आठ दिवस. वन्संना आम्ही आमच्याकडेच ठेवून घेतलं. त्या ओसरीवर बसून शांतपणे शेंगा फोडायच्या आणि मी आत-बाहेर करत राहायचे. एकदा दवाखान्याचं दार लावून मी स्वतःलाच सुया लावल्या, मन शांत करण्याच्या ज्या जागा मी लोकांना डोळे मिटून सांगते त्याच. तीन मिनिटं पडले. चौथ्या मिनिटाला सुया उपटल्या आणि बाहेर आले. माझी मीच नाडी बघितली, तर ती ताणलेल्या तारेसारखी लागत होती. ही चिडक्या माणसाची नाडी, असं मी पेशंटना सांगते. मी चिडलेच होते. वन्संवर चिडले होते, की लपवलं कशाला. ह्यांच्यावर, की एवढे गप्प कसे बसता. पण खरा राग कुणावर होता ते मला माहीत होतं.

पेशंट येतच होते. आता मी प्रत्येकाला आ करायला लावायला लागले. मोबाईलचा टॉर्च लावून गाल, हिरड्या, जिभेखाली, टाळू. गुडघ्यासाठी येणारे राहुरीचे एक आजोबा वैतागले. "ओ बाई, दुखणं हाय गुडघ्यात. टॉर्च तोंडात कशापायी मारताय?"

"बघू द्या."

"काय घावलं का?"

"तंबाखू घावली. बंद करा."

"ती गुडघ्याला बाधती व्हय?" आजोबा म्हणाले, आणि बाहेरचा बाक हसला. मला हसू आलं नाही. पुढच्या दुकानातून ह्यांचा आवाज आला. कुणातरी गिऱ्हाइकाचं ठिबक चालत नव्हतं. हे त्याला विचारत होते, "पाइपाला टाचण्या मारत बसलात, ते ठीक. पण आधी फिल्टर उघडून बघितला का?" बोलणं त्या गिऱ्हाइकाशी होतं. पण मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

शास्त्राला कशाला नावं ठेवू. शिकवणाऱ्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, सगळं बघायचं, सगळं विचारायचं, मग बोलायचं. मी गुडघ्याऐवजी माणूस बघते म्हणत होते आणि माणसाऐवजी जीभ बघत होते. तीसुद्धा अर्धी.

आठव्या दिवशी फोन आला की रिपोर्ट आलाय. हे गाडी चालवत होते, आम्ही दोघी मागे. राहुरीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला. एक पुढे काढावी तर दुसरी. मी काच खाली करत होते, वर करत होते. वन्संनी पिशवीतून पेरू काढला, नखाने टोकरून बघितला आणि परत ठेवला. "अगं, त्या काचंला तरी इसावा दे," म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागद वाचला. कॅन्सर नव्हता. पण पेशी बिघडायला लागल्या होत्या, आणखी वर्षभर तसंच चाललं असतं तर काय झालं असतं ते त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. डाग काढून टाकायचा, मिश्री आजपासून बंद, दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायचं. हे खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी रुमालाने डोळे पुसले. लग्नानंतर मी त्यांना असं पहिल्यांदा बघितलं. वन्संनी मान हलवली, पदर सारखा केला आणि डॉक्टरांना विचारलं, "पेरू खाल्ला तर चालंल?"

परत येताना मला बोलल्याशिवाय राहवेना. आठ दिवसांचं सगळं एकदम वर आलं. "वन्सं, तुम्ही लपवलंत कशाला? डाग तुम्हाला कधीपासून माहीत होता?"

"दसऱ्यापासनं. जिभेला खरखरीत लागायचा."

"आणि तुम्ही गप्प बसलात? सासऱ्यांचं सगळं स्वतः केलंय तुम्ही. तुम्हाला कळत नव्हतं ते काय असेल?"

"कळत हुतं की. म्हनून तर झोप लागत न्हवती."

पुढे ह्यांनी गाडीचा वेग कमी केल्यासारखं वाटलं.

"झोप लागंना म्हनूनच तुझ्याकडं आले," वन्सं म्हणाल्या. "मिश्रीचं बोलायची लाज वाटत हुती. डबी फेकली ती समद्या भावकीनं बघितली, परत आनली ती कुनी बघितली न्हाई. म्हटलं, तोंडानं नको सांगायला. तुला जिभेवरनं कळंलच. लाजंनं जीभ घासून यायचे, पर जिभेवर काई लपत न्हाई, असं तूच म्हनत हुतीस त्या बीटवाल्याला. मग तू बघितलंस, न् म्हनालीस, सगळं दिसतंय, काळजीचं काई न्हाई. मला काय वाटलं, हिला मिश्री दिसली, डाग दिसला, सगळं दिसलं, पर माझी अब्रू राखायला ही बोलत न्हाई. न् डाग साधाच आसंल. तवापासनं झोपले बघ बिनघोर."

माझ्या सुयांनी लागलेली झोप. ती गोष्ट मी किती जणांना सांगितली होती. "चुकलं माझं, वन्सं," एवढंच म्हटलं, आणि रडायला लागले. लाज वाटली, पण थांबता येईना.

वन्संनी थोडा वेळ मला रडू दिलं. मग स्वतःचा हात माझ्या मांडीवर ठेवला, मनगट वर करून, दवाखान्यात ठेवतात तसा. "बघ," म्हणाल्या. "आता काय म्हनतीया नाडी?"

मी तीन बोटं ठेवली. गाडी खड्ड्यांतून हादरत होती. नाडी लागत होती, पण ती बारीक होती की जाड, घाईची की सावकाश, मला काहीही कळत नव्हतं. तोंडावर आलेलं उत्तर मी गिळलं.

"माहीत नाही, वन्सं."

त्यांनी पदर खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

"मग इचार की."